सगुणभाऊचा कान

फणस पिकला की नाही हे बघायला लोक तो ठोकतात, वास घेतात. सगुणभाऊ ऐकायचा. हातभर लांब, लाकडी मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर होता त्याच्याकडे. टोक फणसाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचा. मग सांगायचा, "आजून दोन दिस."

फणसाला आवाज असतो काय, मला माहीत नाही. पण दोन दिवसांनी फणस पिकायचा.

तो स्क्रूड्रायव्हर त्याने कशाला म्हणून लावला नाही असं नाही. भिंतीला लावून वाळवी ऐकायचा. विहिरीच्या पंपाला, मिक्सरला, गाभण गाईच्या पोटाला. एकदा मी आठ दिवस तापाने पडले होते, तेव्हा माझ्या पाठीला लावला आणि म्हणाला, "इंजिन बरां आसा गो बाय. तेल कमी. पेज पी." मी पेज प्याले. बरी झाले.

सगुणभाऊ माझा सख्खा भाऊ नव्हे. माझं माहेर पेडण्याकडचं, त्याचं घर आमच्याच वाड्यावर. मी लग्न करून नार्व्याला आले आणि चार वर्षांनी हा फेरीबोटीच्या नोकरीवर इथेच आला. आमच्या शेजारी दोन खोल्या घेतल्या. मला सख्खा भाऊ नव्हता, त्याला बहीण नव्हती. तेव्हापासून भाऊबिजेला मी त्याला ओवाळते आणि तो मला एक टॉर्च देतो. दर वर्षी टॉर्च. घरात आता टॉर्च इतक्या की ठेवायला जागा नाही.

नोकरी त्याची खाली, इंजिनाकडे. वर माणसं, स्कूटरी, लग्नाचे नवरे, गणपती, सगळे नदी पार करायचे. हा खाली तेलात. तीस वर्षं नदी ओलांडली, पण नदी बघितली नाही असं लोक म्हणायचे. लग्नाचं कोणी काढलं तर म्हणायचा, "दोन इंजिनां सांभाळतंय. तिसरां खय ठेवू?"

नोकरी संपली तसं त्याने सोप्यावर एक मेज मांडलं. गावात काय बिघडलं की त्या मेजावर यायचं. पैसे घेत नसे. चहा आणि पोदेराच्या बेकरीतला एक पाव दिला की झालं. पण आधी बोलणी खावी लागायची. मिक्सर घेऊन आलेल्या बाईला विचारायचा, "हेका कवां न्हाणयलां? पोट भरून जेवणाच्या वर हळद कित्याक वाटूक लायली?" बाई बिचारी खाली मान घालायची. मग दुसरा काही सांगू लागला की हा पाठ फिरवून कामाला लागायचा. कितीही हाका मारा, उत्तर नाही. गावात म्हणायचे, सगुणाला गर्व चढला आहे. मलाही वाटायचं. पण गुणी माणसाला थोडा गर्व असायचाच.

त्याचं एक बोलणं ठरलेलं. "दोष येक आसता, नखरे धा." पंखा कुरकुरतो, गरम होतो, वास मारतो, ते सगळे नखरे. दोष एकच. नखऱ्यांकडे बघायचं नाही. माणसांनाही तेच लावायचा. आमच्या वाड्यावर दोन जावा भांडल्या तर म्हणाला, "भांडाण हो नखरो. दोष चुलीत आसा. दोन चुली करा." केल्या. भांडण थांबलं.

संध्याकाळी माझं काम आटपलं की मी त्याच्या सोप्यावर जाऊन बसायची. तो मेजावर काहीतरी उघडून बसलेला, मी देवाच्या वाती वळत. आणि मी बोलायची. नवरा बार्जवरून नदीत पडला आणि तिसऱ्या दिवशी मिळाला, ते. मग मी खाणीवर खनिजाच्या टोपल्या वाहिल्या, ते. मोठी मुलगी तापात गेली तेव्हा वाळपईला न्यायला गाडी मिळाली नाही, ते. सासू दोन वर्षं माझ्याशी शब्द बोलली नाही, ते. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर लोक रडतात, नाहीतर शहाणपण शिकवतात. सगुणभाऊ तसलं काही करत नसे. मधूनमधून माझ्याकडे बघायचा, मान हलवायचा, "होय गो बाय" म्हणायचा. मला तेवढं पुरायचं.

आता लॅपटॉपचं सांगते.

माझी सून मनीषा शाळेत शिकवते. परीक्षा झाल्या होत्या, मुलांचे निकाल लॅपटॉपवर भरून सोमवारी द्यायचे होते. आणि शुक्रवारी तो लॅपटॉप आपोआप विझायला लागला. विझायचा, परत आपोआप लागायचा, ट्यांव करून गाणं वाजवायचा, जसं काही झालंच नाही. तिने भरलेले आकडे गेलेले. परत भरायची, परत विझायचा. डिचोलीच्या दुकानात फोन केला तर म्हणाले ठेवून जा, आठ दिवस लागतील.

मनीषा रडकुंडीला आली. मी म्हटलं, सगुणभाऊला दाखव.

"आई, मामांनी कधी लॅपटॉप बघितलाय तरी?"

बघितला नव्हता. शनिवारी सकाळी मेजावर ठेवला तेव्हा झाकण कुठून उघडतं ते मनीषाने दाखवलं. शेजारचे दोघे पाव घेऊन चालले होते, ते थांबून हसायला लागले. एक म्हणाला, "सगुणा, हां फेरीचां इंजिन न्हय रे. हेका डिझेल लागना."

सगुणभाऊ त्याच्या तोंडाकडे बघत होता. ताडकन म्हणाला, "सोमवारपर्यंत दोष नाय काढलो तर ह्यां मेज उचलून भितर घालतंय. परत भायर नाय."

हसणं थांबलं. त्याच्याकडे त्या मेजाशिवाय दुसरं काही नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

पहिल्यांदा त्याने विजेवर संशय घेतला. लॅपटॉप घेऊन तीन घरांत फिरला, तीन ठिकाणी वायर लावली. लॅपटॉप तीनही घरांत विझला. मग बॅटरी काढून नुसत्या वायरीवर चालवला. विझला. वायर काढून नुसत्या बॅटरीवर. विझला. खडूने मेजावर लिहायचा आणि खोडायचा. "नखरो," म्हणायचा. "दोष न्हय."

दुपारी मनीषाला विचारून मागचं झाकण खोललं. दोन हिरव्या पट्ट्या काढल्या. मनीषा म्हणाली, ती त्याची मेमरी. त्याने पट्टीची पिवळी कड शाळेच्या खोडरबराने घासली. "यादीर घाण बसली की माणूस पण आसोच करता," म्हणाला. परत बसवल्या. पंधरा मिनिटं चालला. विझला. ट्यांव.

रविवारी त्याने घड्याळ लावलं. फेरीच्या खेपा मोजायचा तसं. पहिली खेप बावीस मिनिटं, दुसरी आठ, तिसरी तीन. तासभर बंद ठेवला, परत बावीस. मेजावर हाताचा तळवा आपटला. "दम लागता हेका! तापता आनी बसता. माणूस दमलो की बसता तसो." मग मनीषाला म्हणाला, "हेका पंखो आसा?"

"आहे मामा. आत बारका पंखा असतो. गार करायला."

त्याने स्क्रूड्रायव्हर काढला. टोक लॅपटॉपच्या पोटाला, मूठ हाडाला, डोळे मिटून बराच वेळ. आणि त्याचं तोंड उतरलं. "पंखो फिरता. बरो फिरता," म्हणाला. "दोष हय नाय."

संध्याकाळ झाली. मनीषा आत हाताने वहीवर आकडे काढत बसली होती. सगुणभाऊ पाठमोरा बसला होता. मी नेहमीसारखी वाती वळत होते. लॅपटॉप चालू होता. आणि मला कळलं की त्यातून आवाज येत नाही. मनीषा घरी काम करायची तेव्हा तो भुंग्यासारखा गुणगुणायचा. मी म्हटलं, "भाऊ, पंखो फिरत नाय. आवाज नाय."

उत्तर नाही.

परत म्हटलं. उत्तर नाही. तिसऱ्यांदा ओरडले. तो पाठ करून तसाच. मला राग आला. एवढा गर्व बरा नव्हे. उठून त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "पंखो फिरत नाय रे भाऊ!"

"फिरता! माझ्या कानाक लागता मा!"

मी भांडले नाही. हातात कापूस होता, त्यातला चिमूटभर पिंजून लॅपटॉपच्या कडेला जिथून वारा यायचा तिथे धरला. कापूस जरासा हलला. खिडकीचा वारा असेल म्हणून जनेल लावून घेतलं. परत धरला. देवासमोरच्या वातीसारखा गप्प.

सगुणभाऊ त्या कापसाकडे बघत राहिला. मग बोट टेकवून चाचपलं, दुसऱ्या कोपऱ्यात चाचपलं. आत दुसरंच काही फिरत होतं. मनीषाने येऊन सांगितलं, ती हार्ड डिस्क. त्याच्या हाडाला लागली होती ती हार्ड डिस्क.

त्याने सगळे स्क्रू काढले. पंखा वाकळीच्या कापसाने आणि खडूच्या पुडीने गच्च बसला होता. मनीषा बिछान्यावर बसून काम करायची, त्याचं फळ. ब्रशाने झाडला, शिवणाच्या मशीनचं तेल एक थेंब घातलं. सगळं बसवून चालू केलं. माझ्या हातातला कापूस उडून मेजाखाली गेला. मनीषाने निकाल भरायला घेतले आणि जेवायच्या वेळेपर्यंत लॅपटॉप एकदाही विझला नाही.

ती लॅपटॉप घेऊन घरी गेली. सगुणभाऊ उठला आणि मेजाचं एक टोक उचललं.

मी समोर जाऊन विचारलं, "खय चाललंस?"

"भितर. दोष तुया काढलंस. मी नाय." मग टोक तसंच धरून विचारलं, "मगाशी तू कितकेदा सांगितलंस?"

मी तीन बोटं दाखवली.

त्याने मेज खाली ठेवलं. "फेरीर आसतानाच कान गेलो," म्हणाला. "उजवो पयलो, मगे डावो. हाडाक लागता तां कळता. वाऱ्यान येता तां नाय. तोंड बघून चालयतंय. कोणाक सांगू नको. कान नसलेल्याकडे कोण मिक्सर हाडतलो?"

मी वाती वळत इतकी वर्षं बसले होते, ते मनात आलं. "मगे मी रोज सांगतंय तां?"

"तुझां तोंड बघतंय." तो खाली बघत होता. "पण तू वाती वळताना मान खाली घालतंस. आनी तू रडत नाय, हसत नाय. माका कळना सुखाचां काय दुखाचां. म्हणान होय म्हणतंय."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नवरा होता तोही ऐकायचा नाही, आणि त्याला चांगले दोन कान होते. मी मेजाचं दुसरं टोक धरलं आणि मेज परत होतं तिथे ओढलं.

आता मी मेजाच्या या बाजूला बसते, त्याच्या समोर. कोणी मिक्सर आणला की काय झालं ते मी विचारते आणि त्याच्याकडे तोंड करून परत सांगते. वस्तू गुणगुणत असली तर मी तळवा वर धरते, गप्प असली तर खाली. गावात म्हणतात, म्हातारपणी बाई मेकॅनिक झाली. म्हणू देत.

पहिल्या दिवशी काम आटपलं आणि मी वाती काढल्या, तशा त्याने माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवल्या.

"आता सांग," म्हणाला. "पयल्यापासून. पण दुखाचां आसलां तर आधी सांगून ठेव."

मी थोडा विचार केला. म्हटलं, "दुखाचां."

"रव. चश्मो हाडतंय."

आत जाऊन शोधून आणला, धोतराला पुसला, घातला, आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. मी मान वर करून सांगायला लागले.