दत्तोबांना नाक सापडेना

दत्तोबा पेंटरांची आणि माझी पहिली भेट सांगलीच्या भर बाजारात झाली, आणि तीही माझी हनुवटी त्यांच्या चिमटीत असताना. मी नुकताच साताऱ्याहून पोटापाण्यासाठी आलो होतो आणि वांग्यांचा भाव विचारत उभा होतो. तेवढ्यात धोतरावर सतरा रंगांचे डाग मिरवणारा एक उंच, वाळका इसम आला. त्यानं माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि मागच्या बाईला विचारलं, "ही चालंल का? खालनं जरा चपटी हाय, पर तेवढं मी बघतो."

"व्हय, अशीच हुती मामंजींची," बाई म्हणाली.

"गड्या, चार दिस ही हनुवटी लागंल मला," तो इसम मला म्हणाला. "तुला काय येतंय?"

मला अक्षरं काढता येत होती. पण खरं सांगायचं तर 'दि न्यू मयूर आर्ट स्टुडिओ'त मी चिकटलो तो हनुवटीच्या जोरावर. 'न्यू' म्हणावं तर जुना मयूर कधी नव्हताच. दत्तोबांचं म्हणणं असं, की नव्या दुकानावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही. आधीचं एक बुडवून हे आता शहाणे झालेत, असं त्याला वाटलं पाहिजे.

स्टुडिओ म्हणजे हळदीच्या वखारीवरच्या दोन खोल्या. खाली पोतं आपटलं की वर पिवळा ढग येई. पांढरा रंग आमच्याकडे जेमतेम तासभर पांढरा राही, त्यामुळे आम्ही काढलेल्या सगळ्या तसबिरींना कावीळ झालेली असे. मी दिवसभर शिंकत शिंकत अक्षरं काढी. एका सायकलवाल्याच्या पाटीवर शिंकेसरशी 'ल'ला लांबलचक शेपटी फुटली, तर त्यानं ती कलाकुसर समजून तशीच ठेवून घेतली. लढाईमुळे विलायती रंग मिळत नव्हते, मोठी कामं घेता येत नव्हती, तेव्हा असल्या फुटकळ पाट्यांवरच आमचं भागत होतं.

एकदा एका व्यापाऱ्याला हळदीच्या लेबलावर लक्ष्मी हवी होती. दत्तोबांनी दंडांसाठी तालमीतला पैलवान आणून बसवला. व्यापारी कुरकुरला. दत्तोबा म्हणाले, "शेटजी, चार हात दिवसभर उचलून धरायचं म्हंजी ताकद नगं?" त्या पैलवानी लक्ष्मीचा माल कर्नाटकात धडाक्यात खपला, आणि मग त्याच शेटजींनी सरस्वतीही त्याच पैलवानावरून काढायला सांगितली.

पण दत्तोबांचं नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी. खेड्यापाड्यांत फोटो काढून घेणारे थोडे. म्हातारा गेला की वर्षश्राद्धाला भिंतीवर काय टांगायचं, ही पंचाईत. दत्तोबा घरच्या माणसांना घेऊन बाजारात हिंडत. "नाक कसं हुतं? त्या सराफावानी? का ह्या पोष्टमनवानी?" असं विचारत विचारत कपाळ एकाचं, भुवया दुसऱ्याच्या, मिशा तिसऱ्याच्या असा ऐवज गोळा करत आणि आठ दिवसांत अख्खा आजोबा उभा करत. "देवाकडं ठसं थोडंच हायती, गड्या," ते म्हणत. "जग मोठं दिसतंय, पर तोंडं समदी सांगलीच्या बाजारात घावत्यात."

रहिमतपूरचे एक पाटील मात्र दोन दिवस हिंडले तरी वडिलांचं नाक कुठे मिळेना. शेवटी पाटलांनी दातओठ खात कबूल केलं, की तसलं नाक गावात एकाचंच, आणि त्याच्याशी बांधावरून कोर्टात दावा चालू आहे. दत्तोबांनी त्या माणसाला परभारे पत्र टाकलं. गडी पुढच्याच गाडीनं हजर! तीन दिवस ताठ मानेनं बसून नाक देऊन गेला, आणि गावात सांगत सुटला, "पाटलाचा बाप माझ्या नाकावर भिंतीला लटाकलाय." दावा पुढं कितीतरी वर्षं चालला म्हणतात.

अशा या माणसाकडे एका बाजारच्या दिवशी हौसाबाई आल्या. वाळव्याकडच्या एका खेड्यातल्या. डोक्यावरचा पदर पार भुवयांपर्यंत ओढलेला, तोंड कायम सावलीत. मुलगा सर्जेराव पलटणीत होता. ब्रह्मदेशात गेला आणि वर्षभरानं 'बेपत्ता' असा सरकारी कागद आला. त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या होत्या. फोटो एकही नव्हता.

"दीर म्हनत्यात, तसबीर करा, हार घाला, दिवस घाला आन मोकळं व्हा," हौसाबाई म्हणाल्या. "पर पेंटर, तसबिरीला हार चढला की सुनंचं कुकू पुसायचं. आजून दारात बसती वो ती, मोटारीचा आवाज आला की."

दत्तोबांनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि पदराखालच्या त्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं. मग म्हणाले, "चला आक्का, नाकापासनं सुरवात करू."

त्या दिवशी नाक मिळालं नाही. पुढच्या बाजारीही नाही. हौसाबाई दर बाजारी कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून काळ्याठिक्कर होऊन उतरत, आणि दोघं नाक शोधायला निघत. कपाळ जमलं, डोळे जमले, मिशाही जमल्या. नाक मात्र एक फेंगडं, एक बसकं, एक भलतंच शहाणं. दुपारी दोघं भडंगाची पुडी मध्ये ठेवून बसत. हौसाबाई सर्जेरावाच्या लहानपणच्या खोड्या सांगत आणि दत्तोबा ऐकत. दत्तोबांच्या मागंपुढं कुणी नव्हतं, दाढी ते सणासुदीला करत. आता ती दर बाजारी होऊ लागली. मी एकदा त्यावरून छेडलं, तर त्यांनी माझ्या अंगावर ब्रश झटकला.

सात-आठ महिने झाले असतील. एका दुपारी खाली पोती आपटली, ढग वर आला आणि हौसाबाईंना अशी सणसणीत शिंक आली की पदर खांद्यावर आला. खिडकीच्या उजेडात मला त्यांचं नाक प्रथमच नीट दिसलं. सरळ, टोकाशी किंचित खाली वळलेलं, डाव्या नाकपुडीशी खळी. गेले आठ महिने सर्जेरावाच्या नाकाचं जे वर्णन ऐकत होतो, ते हुबेहूब समोर! मी तोंड उघडलं तोच दत्तोबांनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला टाच रोवून दिला.

त्या गेल्यावर मी लंगडत म्हणालो, "अहो, नाक त्यांच्याच तोंडावर आहे की!"

"पयल्या दिवशीच बघितलं मी," दत्तोबा म्हणाले. "नाकं बघण्यात हयात गेली माझी. पर नाक घावलं की तसबीर झाली. तसबीर झाली की हार आला. आन हार आला की ती पोर…"  आणि ते पाठ करून रंग घोटत बसले. माझा पाय ठणकत होता, तरी त्या माणसाचा मला त्या घटकेला फार लोभ वाटला.

पुढं लढाई संपली. पलटणी परत येऊ लागल्या, सर्जेरावाची खबर नव्हती. आणि एका बाजारी हौसाबाईंबरोबर त्यांचे दीर आले. जिना चढतानाच गरजले, "वरीस झालं, एक नाक घावंना तुमास्नी? पेंटर हायसा का चेष्टा लावलीया?" दत्तोबा खिडकीतून खालच्या सराफाच्या नाकाकडे बोट दाखवू लागले, पण दिरांनी ऐकून घेतलं नाही. त्यांनी चित्राकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आवं वैनी, नाक तर तुमचंच हाय! काडा वो पेंटर, माझ्या म्होरं काडा."

इलाज नव्हता. दत्तोबांनी हौसाबाईंना खिडकीशी बसवलं. हौसाबाईंनी आपणच पदर मागं सारला.  दत्तोबांनी हातचलाखी मात्र केली नाही. मनात आणलं असतं तर नाक वाकडं काढता आलं असतं. दोन तासांनी कॅनव्हासवरून एक तरणा शिपाईगडी सरळ आमच्याकडे बघू लागला. हौसाबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. रंग ओला, हात लावता येईना, म्हणून त्यांनी चौकटीच्या लाकडावरूनच हात फिरवला. मला रडू आवरेना, मी तोंड फिरवलं.

"झालं न्हवं?" दीर उठले. "हार घिऊनच जातो बाजारातनं."

"कुठलं झालं?" दत्तोबा ब्रश पुसत म्हणाले. "डावा कान राहिलाय."

"कान? आवं, कसा बी काडा की!"

"कसा बी?" दत्तोबा ताडकन उभे राहिले. "अर्धवट माणसाला हार घालतासा व्हय? कुनाचा बी कान लावून दिला तर आईला वळखू यील का त्यो?"

दिरांनी वहिनींकडे बघितलं. हौसाबाईंनी पदर पुन्हा भुवयांपर्यंत ओढून घेतला.

"व्हय भावजी," त्या म्हणाल्या. "कान लय येगळा हुता माझ्या सर्जाचा. घावाय टैम लागंल."

"मग येत्या बाजारला या, आक्का," दत्तोबा म्हणाले. "पोष्टाच्या अंगानं बघू."

"येते की," हौसाबाई म्हणाल्या.