मी लावलेले पाच दिवे

"हे दिवे म्हणे! याच्यापेक्षा देवाने शेपटीला उजेड दिलेले काजवे बरे!"

हे वाक्य वॉशिंग मशीनच्या मागून आलं. मशीनच्या मागे आमचे हे होते आणि मशीनच्या पुढे मी होते, म्हणजे अंतर हातभर. ह्यांचं अर्धं अंग भिंत आणि मशीन यांच्या फटीत, कपाळाला दिवा बांधलेला, आणि पाइपचा स्क्रू काही केल्या सापडत नव्हता. मला तो स्क्रू उभ्या जागेवरून, दिव्याशिवाय दिसत होता. मी हळूच वाकले, ह्यांच्या बोटाला धक्का लागल्यासारखं केलं आणि बोट स्क्रूवर नेऊन ठेवलं.

"हां, सापडला!" हे म्हणाले. "पण दिवा भिकार आहे. दुसरा बघायला हवा."

"तुम्ही नका बघू," मी म्हटलं. "मी बघते! बाजारात जेवढे कपाळदिवे आहेत तेवढे आणते, एकेकाची परीक्षा घेते आणि पहिल्या नंबराचा तुमच्या डोक्याला बांधते. शिलाई मशीन मी कुणाकडे शिकले? मिक्सर दुरुस्त करायला कुणी शिकवलं? मग दिवे काय चीज आहे!"

आता तुम्हाला आमच्या ह्यांचं काम सांगायला हवं. हे लिफ्टचे मिस्त्री. अठ्ठावीस वर्षं लिफ्टच्या टपावर उभं राहून, त्या काळ्याकुट्ट डक्टमध्ये, दोरांना तेल-पाणी करतात. कपाळावरचा दिवा हाच त्यांचा सूर्य. तो सूर्य गेले सहा महिने काही केल्या नीट उगवत नव्हता. आधीचे दोन दिवे बदलून झाले होते. मागच्या आठवड्यात तर कपाळाला लिंबाएवढं टेंगूळ घेऊन आले.

"पाइप मधे आला," म्हणाले.

तो पाइप त्या इमारतीत वीस वर्षं तिथेच आहे. तरी आम्ही सगळ्यांनी पाइपालाच शिव्या दिल्या. मी दिल्या, सासूबाईंनी दिल्या, कॉलेजातून येऊन लेकीने दिल्या.

कारण खरं कारण बोलायची सोय नव्हती. ह्यांच्या कंपनीतल्या थोरल्या मिस्त्रींना मागच्या वर्षी नजरेच्या तपासणीनंतर टपावरून उतरवून ऑफिसात फोनवर बसवलं. दिवसभर काम एकच: "लिफ्ट अडकली का? घाबरू नका. माणूस निघालाय." हे त्यांना भेटून आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. "मला फोनवर बसवलं तर मी फोन गिळेन," असं म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरात 'डोळा' या शब्दाला बंदी! तशी कुणी घातली नव्हती, आपली आपण पडली. सासूबाई दुपारी "जरा डोळा लागला होता" म्हणता म्हणता जीभ चावून "जरा... निपचित पडले होते" म्हणाल्या, तर हे घाबरून धावत आले! लेक म्हणायची, "आई, बटाट्यांना ते... हे फुटलेत बघ." सासूबाईंचं दोन वर्षांपूर्वी एक छोटंसं ऑपरेशन झालं होतं आणि आता त्यांना समोरच्या इमारतीतल्या दोरीवरचे चिमटेसुद्धा मोजता येतात. ते ऑपरेशन कसलं, हेही आम्ही सोयीस्कर विसरलो होतो.

तेव्हा दोष दिव्याचाच. असायलाच हवा होता!

दिव्यांचं दुकान गल्लीच्या टोकाला. दुकानदार जुन्या ओळखीतले. मी त्यांच्याकडून चार्जिंगचे पाच कपाळदिवे तपासायला म्हणून आणले. बदल्यात कुठला कसा चालतो याचा लेखी अहवाल द्यायचं कबूल केलं. एक वही घातली. पहिल्या पानावर 'उजेड', दुसऱ्यावर 'चार्जिंग किती टिकतं'. रविवारी सकाळी दहा वाजता पॅसेजच्या दोन्ही टोकांना गोधड्या टांगून अंधार केला. भिंतीला वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक चिकटवलं, जमिनीवर खडूने फुटाफुटावर रेघा मारल्या, आणि ह्यांना एक नंबरचा दिवा बांधून टोकाला उभं केलं.

"वाचा!"

"यंत्रात... लहान... फुले ठेवू नयेत."

कागदावर होतं, 'लहान मुले ठेवू नयेत'.

"बरोबरच आहे," हे म्हणाले. "फुलांचा रंग कपड्यांना लागतो."

गोधडीमागून लेकीच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता.

हे एकेक पाऊल पुढे येत गेले. सहा फुटांवर फुलांची मुलं झाली. मी वहीत लिहिलं, 'दिवा क्रमांक एक: सहा फूट. उजेड बेताचा.'

दोन नंबर, निळ्या पट्ट्याचा: सहा फूट. तीन नंबरचा दिवा जरा शहाणा होता. त्याच्यासमोर हात हलवला की चालू, पुन्हा हलवला की बंद. आणि आमचे हे हात हलवल्याशिवाय बोलू शकत नाहीत!

"छे, काही दिसत नाही," म्हणून ह्यांनी हात झटकला, दिवा विझला.

"बघ! विझला पण!"

"अहो, तुम्हीच विझवलात!"

"मी? मी कशाला विझवू?" हात पुढे, दिवा चालू. "आता लागला बघ." हात खाली, पुन्हा बंद. "हा दिवा आहे की रुसलेला जावई?"

"हात बांधून बोल रे!" सासूबाई ओरडल्या. हात बांधल्यावर ह्यांना बोलता येईना. शेवटी तोही सहा फुटांवर पास झाला. चार नंबर, सहा फूट. मी चकित! चार वेगळे दिवे, आणि सगळे सहाच फुटांवर मान टाकतात? पाच नंबर तर दुकानदाराचा लाडका. तो लावला की पॅसेजमध्ये दुपार झाली. भिंतीवरच्या मुंगीची सावली मला दिसली.

"वाचा आता!"

"सगळं दुधासारखं पांढरं झालंय. दूध वाचू का?"

तो चार फूट! सगळ्यांत मोठा दिवा सगळ्यांत नापास!

"आण बाबा, मी बघते," म्हणून लेकीने दिवा घेतला आणि पॅसेजच्या पार दुसऱ्या टोकावरून, गोधडीला टेकून, माहितीपत्रक छापणाऱ्या प्रेसच्या नावासकट धडाधडा वाचलं.

"तू पाठ केलंयस!" मी म्हटलं.

"आई, वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक कोण पाठ करतं?"

सासूबाई पुढे आल्या. त्यांनी तर दिवा न लावताच वाचलं. मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. "अरे, माझंही असंच दुधासारखं पांढरं व्हायचं, तेव्हा मला—"

"आई, दूध!" मी किंचाळले. "गॅसवर दूध ठेवलंय!"

गॅसवर काही नव्हतं. पण सासूबाईंना माझं कळलं. त्या मुकाट्याने स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे रिकाम्या गॅसपुढे दोन मिनिटं उभ्या राहून आल्या.

मी दुकानदाराला फोन लावला. "काय हो, तुमच्या पाच नंबरमधून उजेड येतो की धूर?"

"वहिनी, तो दिवा लावून लोक गुहांमध्ये जातात!"

"आमचे हे पॅसेजमध्ये जाऊ शकत नाहीत!"

"असं कसं होईल? एक विचारू का? रागावू नका. मिस्त्रींचे डो—"

"हॅलो? हॅलो? आवाज येत नाही तुमचा!" म्हणून मी फोन ठेवला. आवाज उत्तम येत होता.

मग मी ठरवलं, उजेड सगळ्यांचा सारखाच धरायचा आणि निवड चार्जिंगवर करायची. खोक्यांवर लिहिलं होतं, 'पूर्ण चार्जिंगमध्ये पाच तास'. खोक्यांवर काय, काहीही लिहितात! सोमवारी सकाळी मी पाचही दिवे चार्ज करून, चालू करून कपाटात एका ओळीत मांडले. त्यांचे पट्टे ताणलेले राहावेत म्हणून एक कुकरला, एक बादलीला, एक डब्याला, एक कळशीला आणि एक ह्यांच्या जुन्या हेल्मेटला बांधला. कपाटाचं दार उघडलं की पाच पाहुणे एकदम टवकारून बघायचे. मला शिवलेले कपडे पोचवायला दिवसभर फिरायचं होतं, म्हणून वही सासूबाईंकडे दिली. वहीत तासागणिक दोन रकाने आखले होते: 'चालू' आणि 'बंद'.

"आई, दर तासाला फक्त खूण करायची."

"एवढंच ना? मला काय कुकुल्या बाळासारखं समजावतेस?"

संध्याकाळी सहाला परत आले तर काय! पाचही दिवे लखलखीत! नऊ तास! खोक्यावर पाच आणि माझ्या कपाटात नऊ! वहीत दर तासाला सासूबाईंच्या ठसठशीत खुणा. 'चालू'मध्ये एक खूण आणि 'बंद'मध्ये पण एक. मला वाटलं, बाई उत्साही आहे, खुणा जास्तच केल्यात. मी निळ्या पट्ट्याच्या दोन नंबरला पहिलं बक्षीस जाहीर केलं, कारण तो वजनाला हलका होता. रात्रभर तो चार्जिंगला लावला आणि मंगळवारी सकाळी स्वतःच्या हाताने ह्यांच्या कपाळाला बांधून त्यांना कामावर पाठवलं.

"आज स्क्रू बघा कसे स्वतःहून हाका मारतात!" मी म्हटलं.

दुपारी दोनला फोन. दोन गल्ल्या सोडून जी सात मजली इमारत आहे तिथला वॉचमन.

"ताई, मिस्त्रींचा दिवा बंद पडलाय."

"शक्यच नाही! नऊ तास चालतो तो!"

"ताई, मी चौथ्या मजल्याच्या दारातून बघतोय ना. मिस्त्री खाली टपावर आहेत. मी हाका मारल्या, तर म्हणतात, काम चालू आहे, डोकं खाऊ नको."

"आई!" मी ओरडले. "नऊ तास चालले होते ना दिवे? नक्की?"

"चालले म्हणजे? तूच लिहिलं होतंस ना, चालू आणि बंद? मग दर तासाला चालू करत होते, पेटला की खूण करत होते आणि बंद करत होते. बंद केल्याचीही खूण केलीय! कपाटात कुणी माणूस नसताना नऊ तास दिवे कशाला जाळायचे? तू यायच्या वेळी मात्र लावून ठेवले, छान दिसतात म्हणून."

वाद घालायला वेळच नव्हता. उरलेले चार दिवे उचलले. हातात धरून पळता येईना, म्हणून एक माझ्या कपाळाला, एक लेकीच्या, एक सासूबाईंच्या, आणि चौथा माझ्या मनगटाला. रणरणत्या उन्हात, भर दुपारी दोन वाजता, कपाळावर दिवे बांधून तीन बायका रस्त्याने पळतायत! लेकीला तीन नंबर मिळाला होता. पळताना तिचे हात पुढे आले की दिवा लागत होता, मागे-पुढे झाले की विझत होता. समोरून येणारी एक सायकल आम्हाला वाट द्यायला थेट फुटपाथवर चढली. सासूबाई त्र्याहत्तर वर्षांच्या, पण आमच्या पुढे!

चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं. वॉचमनला चौथा दिवा बांधला आणि आम्ही चौघांनी एकदम आत वाकून बघितलं. खाली, माणूसभर अंतरावर, टपावर बसून हे शांतपणे नट पिळत होते. बोटांनी चाचपायचं, पाना लावायचा, पिळायचं. पुन्हा चाचपायचं. गाणंही गुणगुणत होते.

चार दिव्यांचा झोत तोंडावर पडला तसे दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरून ओरडले, "बंद करा! बंद करा ते! काही दिसेना झालं!"

"अहो, तुमचा दिवा विझलाय!"

ह्यांनी कपाळाला हात लावला. दिवा चाचपला. बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"कधी?" ह्यांनी विचारलं.

वॉचमन म्हणाला, "अर्धा तास तरी झाला, मिस्त्री."

हे शिडीवरून एकेक पायरी पायाने शोधत वर आले. मी हात पुढे केला. तो त्यांना दोनदा सापडला नाही. तिसऱ्यांदा मीच त्यांचं मनगट धरलं आणि ओढून घेतलं. ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि पाना मांडीवर ठेवला.

आणि मग आम्ही सगळे एकदम सुटलो!

"चूक माझी," सासूबाई म्हणाल्या. "मीच बंद करत होते मेले दिवे."

"माझी चूक," मी म्हटलं. "दोन-दोन खुणा बघून मला कळायला हवं होतं!"

"माझी," लेक म्हणाली. "खोक्यावरचे पाच तास खरे असतात, हे मी सांगायला हवं होतं."

"मीच आधी फोन करायला हवा होता," वॉचमनही म्हणाला. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता, पण आमच्या पंगतीत बसल्यावर उपाशी कसं राहायचं!

"दिव्यांची कंपनीच चोर आहे," मी पुढे रेटलं. "आजच दिवा परत करते. दुसऱ्या दुकानात सहावा मिळतो म्हणे, तो तर—"

"झालं का सगळ्यांचं?" हे म्हणाले.

लेकीने कपाळावरून केस मागे सारले आणि तिचा दिवा विझला.

"दिवे चांगले आहेत," हे म्हणाले. "पाचही. माझे डोळे बिघडलेत. मला दिसत नाही. आणि मला दिसत नाही हे तुम्हां तिघींना सहा महिन्यांपासून दिसतंय, एवढं मात्र मला अगदी स्वच्छ दिसतंय!"