सात नंबरच्या मागाचा मलिदा

१९७७ सालच्या जानेवारीत इस्रायलमधल्या पेताह तिक्वा इथल्या एका टॉवेल कंपनीला असा शोध लागला की, आपल्याला स्वतःबद्दल काहीही माहीत नाही. कंपनीचे दोन कारखाने होते, एक नेतिवोतला आणि दुसरा थेट मित्स्पे रामोनला, आणि मुख्य कचेरीत नुकताच एक कॉम्प्युटर येऊन बसला होता. त्याला थंडगार खोली दिली होती. तशी खोली डायरेक्टरांनाही नव्हती. या कॉम्प्युटरनं पहिल्याच महिन्यात जाहीर केलं की, नेतिवोतचे एकशे बारा टक्के कामगार गैरहजर असून उरलेले जोमानं टॉवेल विणत आहेत. डायरेक्टरांनी यावर दोन दिवस विचार केला. एवढ्या मोठ्या खोलीत बसणारा चुकेल कसा, तेव्हा दोष त्याला पोचणाऱ्या माहितीचाच असणार, असं त्यांनी ठरवलं.

त्यातून 'माहिती-शुद्धी व व्यवसाय-बुद्धी विभाग' जन्माला आला. विभागाचे प्रमुख एफ्राईम यांची हयात लष्कराच्या ब्लँकेट-कोठारात गेली होती आणि एकही ब्लँकेट हरवलं नव्हतं, कारण त्यांनी एकही कुणाला दिलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की, माग थांबला तर का थांबला हे सगळं जग विचारतं. पण अपयशाची कारणं गोळा करून शहाणं कोण झालंय? म्हणून त्यांच्या नव्या साप्ताहिक पत्रकात आठव्या रकान्यात थांबलेले तास लिहायचे होते, आणि नववा रकाना असा होता: 'माग थांबला नसल्यास, न थांबण्याचं कारण.' खाली ठळक सूचना होती की रकाना रिकामा ठेवू नये, कारण रिकाम्या रकान्यानं कॉम्प्युटरचं पोट बिघडतं. शब्द थोडे वेगळे होते, अर्थ तोच.

नेतिवोतच्या कारखान्यात बारा माग होते आणि त्या बाराही मागांचा फिटर होता नेहेमिया झिराडकर. अलिबागजवळच्या झिराड गावचा, मुंबईच्या गिरणीत पंधरा वर्षं काढून इस्रायलला आलेला. त्यालाही आता अकरा वर्षं झाली होती. मागाच्या नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगण्यात नेहेमियाचा हात धरणारं कुणी नव्हतं. माणसाला खोड एकच: कुणी विचारलं की तो खरं सांगायचा. त्यामुळे आपल्या मराठी यहुदी लोकांच्या लग्नात 'जेवण कसं झालं' असं त्याला कुणीही विचारत नसे.

या नेहेमियाला सध्या घास जात नव्हता तो सात नंबरच्या मागापायी. त्या मागाचा क्लच झिजला होता. धागा तुटला की झेहावा, म्हणजे तो माग चालवणारी बाई, दांडा ओढायची. दांडा ओढला की माग थांबायला हवा. पण हा माग आणखी तीन ठोके द्यायचा आणि मगच थांबायचा. झेहावा 'एक, दोन, तीन' मोजायची आणि मग आत हात घालून धागा जोडायची. एखाद्या दिवशी मागानं चौथा ठोका दिला म्हणजे? नेहेमियानं नव्या क्लचसाठी चार अर्ज पाठवले होते. उत्तर येईपर्यंत त्यानं क्लचमध्ये पत्र्याचे तुकडे घालून वेळ मारून नेली, आणि तेवढ्यानं भागेल असं वाटेना म्हणून नवस बोलला: तु बिश्वातच्या, म्हणजे झाडांच्या सणापर्यंत पोरीची दहाही बोटं शाबूत राहिली, तर एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा करीन. हन्नाबी म्हणजे अडीअडचणीला अवचित धावून येणारे यहुद्यांचे प्रेषित, आणि मलिदा म्हणजे त्यांच्या नावानं वाटायचे गोड पोहे.

बोटं शाबूत राहिली. नेहेमियाच्या बायकोनं, डिनानं, दिमोनाहून पोहे मागवले, पाकिटातलं खोबरं, साखर, वेलची घातली, पाच फळं मांडली आणि ताट सात नंबरच्या मागापाशी नेलं. नबीचं गाणं झालं, सगळ्यांना वाटून झालं. नेमकी त्याच आठवड्यात नवी पत्रकं आली. बाकीच्या अकरा मागांच्या कामगारांनी नवव्या रकान्यात 'बेसेदेर', म्हणजे ठीक, असं लिहिलं. झेहावाला लिहायचा कंटाळा. तिनं पत्रक नेहेमियाकडे सरकवलं आणि त्यानं खरं ते लिहिलं: 'पत्र्याचा तुकडा घातला. नवस फेडला, मलिदा वाटला.'

पुढच्या सोमवारी पेताह तिक्वाहून एदना नावाची अधिकारी बाई आली. हिब्रूत सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, याची नेहेमियाला अकरा वर्षांत सवय झाली नव्हती.

"नेहेमिया, दोन्ही कारखान्यांत मिळून एकट्या तुझ्या पत्रकात माहिती आहे," ती म्हणाली. "फक्त एका रकान्यात दोन कारणं चालत नाहीत. पत्रा मंजूर सुट्या भागांच्या यादीत नाही, म्हणून तो मी पुसला. आता मलिदा उरला. एका मागाला किती ग्रॅम?"

"ग्रॅम काय ठाऊक, बाई. आमची डिना मुठीनं घालते."

"मूठ हे माप कॉम्प्युटरला कळत नाही."

मग डिनाला घरून बोलावून तिची मूठ तोलण्यात आली. पोह्यांसह अडुसष्ट ग्रॅम भरली.

"आणि यात एलियाहू हन्नाबींची भूमिका काय?"

"बाई, तुम्ही यहुदीच ना? एलियाहू हन्नाबी कोण, हे मी तुम्हाला सांगायचं?"

"मला माहीत आहे. कॉम्प्युटरला माहीत आहे का, हा प्रश्न आहे." एदनानं मंजूर कारणांची यादी चाळली आणि लिहिलं: 'बाहेरून येणारे तज्ज्ञ. येण्याची वेळ अनिश्चित.'

नेहेमियानं संधी साधली. "बाई, त्या क्लचचं तेवढं बघा."

"क्लच थांबलेल्या तासांवर मिळतो. तुझे तास शून्य आहेत."

"मी थांबू देत नाही म्हणून शून्य आहेत."

"मग गरज कुठे दिसते?"

"मागात दिसते. चला, दाखवतो."

"मी माग बघायला आलेले नाही," एदना म्हणाली, "मी माहिती तपासायला आले आहे." आणि ती चार वाजताची बस पकडून गेली.

महिन्याभरात अहवाल आला. त्यात रंगीत आलेख होता. मलिदा न मिळालेले माग आठवड्याला सरासरी नऊ तास थांबत होते. मलिदा मिळालेला माग शून्य तास. एफ्राईम उतावीळ माणूस नव्हते. त्यांनी आधी शास्त्रीय चाचणी घेतली. सहा नंबरच्या मागाला खोबऱ्याविना मलिदा दिला, पाच नंबरला नुसता वास. दोन्ही माग सुधारले. तेव्हा दर गुरुवारी बाराही मागांना पूर्ण मलिदा सुरू झाला आणि डिना झिराडकर 'प्रक्रिया-पुरवठादार' झाली. तिच्या स्वयंपाकघराच्या दारावर पाटी लागली: कामाशिवाय आत येऊ नये. नेहेमियाला पाणी प्यायलाही काम दाखवावं लागे.

माग खरोखरच कमी थांबू लागले. कारण साधं होतं. गुरुवारी अर्धा तास सगळे माग बंद करून मंडळी मलिदा खायला बसायची आणि तेवढ्या वेळात नेहेमिया बाराही मागांना तेल घालायचा, ढिले बोल्ट आवळायचा. आधी चालत्या मागापाशी त्याला कुणी फिरकू देत नसे. त्यानं हेही रकान्यात इमानानं लिहिलं: 'मलिदा चालू असताना तेल घातलं.' एदनानं एका रकान्यात एकच कारण, या नियमानं तेल पुसलं.

पुसलेलं तेल कॉम्प्युटरला दिसेना आणि मागांचं सुधारणं तेवढं दिसलं. त्याचा जो निष्कर्ष निघायचा तोच निघाला. नेतिवोतला फिटरची गरज उरलेली नाही. नेहेमियाला बढती देऊन 'मलिदा-समन्वयक' करण्यात आलं आणि सुटे भाग मागवण्याचं पुस्तक त्याच्याकडून काढून घेण्यात आलं, कारण समन्वयकाला सुटे भाग कशाला?

त्याच आठवड्यात सात नंबरच्या मागानं चौथा ठोका दिला. झेहावाच्या मधल्या बोटाचं नख निळं झालं. बोट वाचलं. नेहेमियानं मागाचा पट्टा उतरवला, तो कमरेला बांधला, दोन दिवस, दोन रात्री स्टुलावर बसून काढल्या आणि मग पत्रक भरलं. थांबलेले तास: अठ्ठेचाळीस. कारण: 'मी थांबवला. क्लच पाहिजे.'

मंजूर कारणांच्या यादीत 'मी' नव्हता. एदनानं त्यातल्या त्यात जवळचं कारण निवडलं, 'मलिदा अपुरा', आणि तिसऱ्या दिवशी दारात ट्रक उभा राहिला. दोनशे किलो पोहे, सत्तर किलो खोबरं.

"तुला काय मागायचं ते कळतं, पण कुठे मागायचं ते कळत नाही," झेहावा बोटाला बर्फ लावत म्हणाली. "मलिद्याच्या यादीवर आजवर त्यांनी कधी ना म्हटलंय? लिही त्यात. वेलची, मनुका, क्लच एक."

नेहेमियाला ते पटेना. नबीच्या ताटाबाबत खोटं लिहायचं? तो घरी गेला आणि कामाशिवाय स्वयंपाकघरात शिरला.

डिनानं ऐकून घेतलं. "अहो, खोटं कशाला होतंय? आपण क्लच आणूया आणि ताटाच्या बाजूला ठेवूया. पाच फळांच्या शेजारी. नबीला काय, लोखंड बघून राग येणार हाय? पोरीच्या बोटासाठीच तर नवस होता. मंग खरंच झालं की नाय?"

खरंच होतं. नेहेमियानं लिहिलं. एदनाचा दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"क्लच किती ग्रॅम?"

"चार किलो."

"भिजवावा लागतो?"

"तेलात."

"ठीक," एदना म्हणाली, आणि मनुकांच्या खोक्यात नवाकोरा क्लच आला. गुरुवारी तो ताटाशेजारी ठेवून गाणं म्हटलं गेलं, नेहेमियानं तो बसवला आणि झेहावानं दांडा ओढताच माग जागच्या जागी थांबला. नेहेमियाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर क्लच हा दोन्ही कारखान्यांच्या प्रमाणित मलिद्याचा घटक ठरला, आणि मित्स्पे रामोनच्या कारखान्याची तक्रार आली की आठवडाभर भिजवूनही क्लच मऊ होत नाही.

आता मात्र नेहेमियाला राहवेना. त्यानं साध्या कागदावर पत्र लिहिलं: 'माग तेलानं आणि फिटरनं चालतात. मलिदा नबीसाठी असतो. सगळ्या पत्रकांतली माहिती चूक आहे.' ते घेऊन तो बाराही मागांवर सह्यांसाठी फिरला. कुणाचे हात गुंतले होते, कुणाला पेन सापडेना. सर्वांत शेवटी तो झेहावाकडे गेला. तिनं आपल्या दहा बोटांनी पत्र धरून नीट वाचलं.

"सगळं खरं आहे," ती म्हणाली. "पण गुरुवारी अर्धा तास बसायला मिळतं, नेहेमिया. तो जाईल." आणि तिनं पत्र परत दिलं.

पत्र एकाच सहीनं गेलं. विभागाचं उत्तर सभ्य होतं. नेतिवोतला एकसष्ट माणसं आहेत. त्यांपैकी साठ जणांची काही तक्रार आलेली नाही. एकसष्टाव्याची नोंद उरलेल्या माहितीशी जुळत नसल्यामुळे चूक समजून काढून टाकण्यात आली आहे. माहितीची शुद्धता आता शंभर टक्के असल्याचं कळवण्यास आनंद होतो.

ते साठ जण वाईट नव्हते. त्यांनी खोटं एक अक्षरही लिहिलं नव्हतं; ते नुसते गप्प बसले होते. त्यांच्या जागी आपण असतो तर सही केली असती, असं तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या. फक्त तुमच्या कचेरीतून मागच्या महिन्यात वर गेलेला अहवाल एकदा काढून बघा, आणि त्याखालची सही कुणाची आहे तेही बघा.