सॉनातलं माझं अचूक इंग्रजी

घरगुती प्रश्नांना माझ्याइतका अचूक इंग्रजी काळ लावणारा माणूस फिनलंडातल्या आमच्या अख्ख्या कुओपिओ शहरात सापडायचा नाही! नुसतं 'जेवलास का' नव्हे. जेवतोयस का, जेवत होतास का, जेवून झालं असेल का... प्रसंग सांगा, काळ हजर!

ही विद्या मी साठीत शिकलो ती लेकीपायी. व्हेनलाने घरी आणलेला पहिला परदेशी मुलगा माझ्या गप्प बसण्याला घाबरून पळाला होता. आम्ही फिन माणसं घरात उगाच काही विचारत नाही, त्याला काय करणार? पण मग मी इंग्रजीचा वर्ग लावला. पुढे तिने इंग्लंडातल्या लीड्सचा टोबी आणला आणि दारातच माझ्या कानात म्हणाली, "बाबा, हा मला हवाय! याच्याशी बोल. काहीबाही विचारत राहा!"

"काहीबाही कशाला? व्यवस्थित विचारतो!"

संध्याकाळी त्याला सॉनात नेलं, मानाने सगळ्यात वरच्या बाकावर बसवलं आणि तापल्या दगडांवर ओगराळंभर पाणी ओतलं. वाफ भस्सकन उसळली. आता प्रश्न! 'गरम होतंय का' म्हणावं, की 'गरम झालंय का', की 'केव्हापासून गरम होत आलंय'? घाई कशाला? डोळे मिटून निवांत विचार केला.

"आवडतंय का इथे?" शेवटी विचारलं. काय काळ साधला होता!

"फारच छान!" टोबी धापा टाकत म्हणाला. "आभारी आहे!"

आमच्याकडे छान म्हणजे छान. मी आणखी पाणी ओतलं.

"अजून घालू?"

"घाला की... किती प्रेमळ आहात!"

एवढं म्हटल्यावर हात आखडता कसा घ्यायचा? दोन ओगराळी ओतली आणि पुढच्या प्रश्नाचा काळ शोधू लागलो. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि टोबी जन्मला तसा स्वयंपाकघराच्या खिडकीवरून धावत जाऊन बर्फात आडवा झाला!

"बाबा! काय केलंस?" व्हेनला कांबळं घेऊन धावली.

"बोललो! प्रत्येक वेळी छान म्हणाला गं!"

"इंग्रज आहे तो! केस पेटले तरी यजमानाला छानच म्हणेल! आणि तुझ्याआधी उठायचं कसं म्हणून बसून राहिला बिचारा!"

हाही चालला! पंचा सावरत, हातात ओगराळं तसंच, मी बर्फातून त्याच्यापर्यंत पोचलो. डोक्यातले सगळे काळ गोठले होते. तोंडून कसंबसं निघालं, "काय रे, अजून?"

टोबीने ओगराळ्याकडे पाहिलं.

"नाही!" तो ओरडला. आभार नाहीत, माफी नाही. "अजिबात नाही!"

बायकोने, रायलीने, खिडकी सताड उघडली. "ऐकलंत? कसा सरळ बोलला! अगं, हा तर आपल्यातलाच! ठेवून घे त्याला!"

व्हेनला हसत हसत त्याच्या गळ्यात पडली. लग्न झालं, जावई सुखात आहे. सांगा, अभिमान वाटू नये?

त्या शेवटच्या प्रश्नाला कोणता काळ लावला म्हणता? आता काय सांगू... घाईत तो मी फिनिशमध्येच विचारला होता.