दार अजूनही बंदच आहे

थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या साली नानांच्या कचेरीतली दारं शहाणी झाली. ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नाही, हे तर सर्व कचेऱ्यांचं मूळ तत्त्व. पण दारं मात्र आजवर बिननोंदीची उघडत होती आणि माणसं खुशाल आत-बाहेर करत होती. हा अनाचार थांबवायला सर्व्हर आला. आता कार्ड दाखवलं की दार उघडायचं. (पूर्वी ढकललं तरी उघडायचं, पण त्यात शिस्त नव्हती.)

दारांच्या या यंत्रणेने काय काय लिहून ठेवावं हे ठरवायला समिती नेमली गेली. भांडार सांभाळणारे नाना तिच्यावर आले, कारण यंत्राची माहितीपुस्तिका शेवटपर्यंत वाचलेले ते एकटेच होते. लेकीच्या पाटीवर चाळिशीत अक्षरं गिरवलेला माणूस; छापील दिसलं की औषधाच्या बाटलीवरचं लेबलही सोडत नसे.

सर्व्हर बसवणाऱ्या मुलीने पर्याय वाचून दाखवले : सर्व काही, माहिती, इशारा, चूक आणि फक्त घात. "जी पातळी ठेवाल, तिच्या खालचं यंत्र लिहिणार नाही."

"सर्व काही," नाना म्हणाले. "मिळतंय तर कमी का घ्या?"

"नाना, डिस्क भरेल."

"भरू दे की! रिकामी ठेवून काय लोणचं घालायचंय?"

ठराव एकमताने मंजूर झाला. यंत्र लिहू लागलं : दार उघडलं. दार बंद झालं. दार बंद आहे. दार अजूनही बंदच आहे. शंभरातल्या नव्वद नोंदी काहीच न घडल्याच्या होत्या. (समितीच्या इतिवृत्ताचं प्रमाणही साधारण हेच.) पुढे लिहायला जागा उरली नाही, आणि जे लिहिता येत नाही ते करायचं नाही अशी शिकवण असल्यामुळे यंत्राने दारं उघडणंच सोडून दिलं. समिती तेव्हा आतच होती. दारं उत्तम चालल्याचा अहवाल ती मंजूर करत होती. कुलूपवाल्याने येऊन तिला बाहेर काढलं.

मग नानांनीच सुचवलं आणि पातळी 'फक्त घात'वर गेली. काय ती शांतता! दारं कुरकुरत, कार्डं अडकत, पण पडद्यावर चकार शब्द नाही. साहेबांनी नानांची पाठ थोपटली.

एवढी मोठी सुधारणा एकट्या कचेरीने का भोगावी? त्या संध्याकाळी नाना चपला काढतात न काढतात तोच बायको सुरू झाली. नळ गळतोय, वरच्या मजल्यावरची आपल्या खिडकीवर सतरंजी झटकते, गुडघा धरलाय.

"अगं, यात घात कुठला?" म्हणत नानांनी तिला पाचही पातळ्या समजावल्या. "यापुढे फक्त घात सांगायचा."

"घात म्हणजे केवढा?"

"आग, पूर, मरण."

"बरं बाई. मरण आलं की सांगते हो," असं म्हणून तिने नळाखाली बादली सरकवली.

घर शांत झालं. आपल्या घरात आता एकही चूक होत नाही, असं नाना कचेरीत सांगू लागले. ते ऐकून दोघातिघांनी आपापल्या घरी तीच पातळी बसवून घेतली. पुढे पुढे जेवताना नानांना फक्त स्वतःच्याच चावण्याचा आवाज यायचा. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "नळाचं काय झालं गं?"

"ते घातात बसत नाही," ती म्हणाली आणि वाढायला लागली.

हल्ली ती बादली उजव्याच हाताने उचलायची. डावा दंड चोळायची. जिना चढताना मध्येच कठडा धरून उभी राहायची. नानांना हे दिसत होतं. पण हे सगळं 'इशारा' या सदरातलं, आणि ते सदर त्यांनी स्वतःच बंद केलेलं.

"आधी काही म्हणाल्या नव्हत्या?" तिची नाडी पाहून हात खाली ठेवत डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," नाना म्हणाले. "तशी सोय ठेवली नव्हती."

ज्यांना नानांचं हसू आलं, त्यांनी "काय झालं?" या प्रश्नाला आपल्या घरी अलीकडे "काही नाही" हे उत्तर किती वेळा मिळालं ते आठवावं. (आणि यंत्रणा उत्तम चालली आहे असं समजून पान उलटावं.)

नानांची बायको, धाकट्या लेकीला नोकरी लागली त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, गळक्या नळापाशी गेली. मरण आलं की सांगते म्हणाली होती. तेवढी एकच नोंद तिच्याकडून राहिली.