सर्वांना उघडणारी बाटली

भिंतीला पाठ टेकवल्यावर 'खट्' असा आवाज झाला आणि डिझायनर म्हातारा झाला.

खराखुरा नव्हे. तसा तो चाळिशीचा, दणकट, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढणारा. पण त्या सकाळी त्याने अंगात कंपनीचा 'वार्धक्याचा पोशाख' चढवला होता. गुडघ्यांना वजनं, कोपरांना ताठ पट्टे, मान वळू नये म्हणून कॉलर, ऐकू कमी यावं म्हणून कानांवर जाड झाकणं, डोळ्यांवर पिवळट धुरकट चष्मा आणि हातात असे मोजे की बोटांना एकमेकांची ओळखच राहू नये. सगळे पट्टे पाठीवर एका क्लिपमध्ये एकत्र येत. ती क्लिप नुसती टेकवली की बसत असे. काढताना मात्र दोन्ही बाजूंनी एकदम दाबावी लागे, आणि तिथे त्याचा हात पोचत नव्हता.

सोबत आलेल्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर 'पोशाख सहायकाकडून उतरवून घ्यावा' असं लिहिलं होतं. डिझायनरने ती उघडलीच नव्हती. चांगल्या वस्तूला पुस्तिका लागत नाही, असं त्याचं मत होतं आणि ते तो भाषणांतून मांडतही असे.

आता हा पोशाख मुळात आला कशासाठी, तर 'सुलभ'साठी. 'सुलभ' म्हणजे औषधाच्या गोळ्यांची नवी बाटली. लहान मुलांना उघडू नये आणि वृद्धांना मात्र सहज उघडावी, अशी तिची ख्याती होती. ख्याती कंपनीनेच पसरवली होती. झाकणावरचे दोन ठिपके चिमटीत धरायचे, झाकण खाली दाबायचं आणि त्याच वेळी फिरवायचं. तशी सूचना झाकणावर होती, पण फिकट करड्या अक्षरांत आणि पांढऱ्यावर. काळी अक्षरं डिझायनरला अंगावर ओरडल्यासारखी वाटत.

अशी वस्तू वृद्धांकडून तपासून घ्यावी लागते. कंपनीने एकदा घेतलीही होती. पण वृद्ध मंडळी वेळेच्या फार आधी येत, चहा बिनसाखरेचा मागत आणि बाटलीबद्दल विचारलं की जावयाबद्दल बोलत. शेवटी मालकांनी परदेशातून पोशाख मागवला. पोशाख तक्रार करत नसे, त्यामुळे कचेरीत तो सगळ्यांना आवडला.

आज दहा वाजता औषधदुकानांच्या मोठ्या साखळीच्या खरेदीप्रमुख बाई येणार होत्या. मालकांनी आदल्या दिवशी डिझायनरला बोलावून गोड आवाजात सांगितलं होतं, "ऑर्डर मिळाली तर तुम्ही विभागप्रमुख. गेली तर तिच्याबरोबर तुम्हीही." म्हणून त्याने पोशाख घरी आणला होता. तो घालून बाईंसमोर बाटली उघडून दाखवायची आणि टाळ्या घ्यायच्या, असा बेत होता. सकाळी बायको कामावर गेली, मुलगा शाळेत गेला आणि सरावासाठी घर रिकामं मिळालं. रिकामं म्हणजे, आई होती.

"अगं आई, जरा इकडे ये."

आई गुडघे सांभाळत आली आणि दारातच थांबली. "हे काय रे? पाणबुड्या झालास की काय?"

"पाठीवरची क्लिप काढ. दोन्ही बाजूंनी दाबायची, एकदम."

आईने बराच वेळ प्रयत्न केला. तिची बोटं सांध्यांशी सुजलेली होती. "एकदम काय म्हणतोस? मला एक बाजूसुद्धा दबत नाही. कात्री आणू?"

"नको, नको. साध्या ओरखड्यानेही मालक मला सोलून काढतील."

"मग शेजारी विचारते." ती शेजारी जाऊन आली. शेजारी कुलूप होतं, वरच्या मजल्यावर कुलूप होतं आणि खालच्या मजल्यावर कुत्रा होता. नऊ वाजून गेले, तसा डिझायनर दाराकडे वळला. कचेरीत कोणीतरी काढेलच, तसंच जाऊ, असं त्याने ठरवलं.

"असा? रस्त्यातून?" आई म्हणाली. "लोक दगड मारतील." मग तिने कपाटातून वडिलांचा लांब कोट काढून त्याच्या अंगावर चढवला, डोक्यावर त्यांचीच टोपी ठेवली आणि कॉलर दिसू नये म्हणून मफलर नाकापर्यंत गुंडाळला. दोन पावलं मागे सरून बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. "थेट त्यांच्यासारखा दिसतोस रे."

त्याला ना नीट दिसत होतं, ना ऐकू येत होतं, त्यामुळे आईही निघाली. बसची पायरी त्याच्या गुडघ्यापेक्षा उंच निघाली. ही पायरी कोणासाठी केली आहे, असा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदा पडला. आईने खालून ढकललं, वरून कोणीतरी ओढलं आणि तो एकदाचा आत आला. एक तरुण चटकन उठला.

"बसा आजोबा. आजी, तुम्ही यांच्या शेजारी बसा."

"आजोबा कुठले, मुलगा आहे माझा," आई म्हणाली.

तरुणाने त्याच्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, मनात काही हिशेब केला आणि वाकून आईच्या पायांना हात लावला. उतरेपर्यंत आईला पुढून, मागून, खिडकीतून सगळे आदराने बघत होते. आरोग्याचं रहस्य काय, असंही कोणीतरी विचारलं. फार बोलायचं नाही, असं आईने सांगून टाकलं.

कंपनीच्या फाटकाशी रखवालदाराने हात आडवा केला. "तक्रार असेल तर पत्र टाका, आजोबा. म्हाताऱ्या माणसांना आत सोडायचं नाही, असा हुकूम आहे."

"अरे, मी इथला डिझायनर आहे."

"हो का? बरं, बरं."

"ओळखपत्र आतल्या खिशात आहे, माझा हात जात नाही. तू फक्त माझ्या पाठीवर जोरात दाब."

"आजोबा, इथे पाठ दाबून देत नाहीत," रखवालदार शांतपणे म्हणाला. मग त्यालाच वाईट वाटलं असावं. त्याने दोघांना फाटकाजवळच्या बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. पेला डिझायनरच्या मोज्यांतून निसटून कोटावर सांडला.

इतक्यात खरेदीप्रमुख बाई आल्या. त्या वेळेआधीच पोचल्या होत्या. बाकावरचं ते जोडपं पाहून त्या थबकल्या, पर्समधून नमुन्याची 'सुलभ' काढली आणि डिझायनरच्या हातात दिली. "आजोबा, एवढी उघडून बघता?"

डिझायनरला एक लांबट सावली बोलताना दिसली आणि हातात पांढरं काहीतरी आलं. उघडायचं आहे एवढं कळलं. त्याने दाबलं, फिरवलं, काखेत धरून ओढलं, गुडघ्यांत पकडलं. बाटली दोनदा खाली पडली आणि रखवालदाराने दोनदा उचलून दिली. सकाळपासूनचा सगळा वैताग त्याच्या तोंडाशी आला.

"कुठल्या गाढवाने बनवलीय ही वस्तू?" मफलरच्या आतून तो ओरडला. "या माणसाला स्वतःला हात आहेत की नाहीत? यावर काही लिहिलंय का?"

"लिहिलंय," बाई चष्मा सारखा करत म्हणाल्या, "पण मलाही वाचता येत नाहीये."

"असं बोलू नकोस रे," आई घाईघाईने म्हणाली. "मेहनत घेतलीय बिचाऱ्याने."

"आजी, तुम्ही बघता उघडून?"

आईने बाटली हातात घेतली नाही. "माहितीये मला ही. घरी आहे माझ्याकडे, मुलाने मोठ्या हौसेने आणून दिलीय."

"मग उघडते?"

"उघडते ना. शेजारची मुलगी उघडून देते, पहिलीतली. एका झटक्यात उघडते."

बाईंचा चेहरा बदलला. "पहिलीतली? आणि ती शाळेत असते तेव्हा?"

"तेव्हा सकाळची गोळी राहते," आई म्हणाली. "पण मुलाला बोलले नाही कधी. त्याला वाईट वाटेल."

कानांवर झाकणं असूनही हे सगळं डिझायनरला ऐकू आलं. बाटली कोणाची ते आता त्याला कळलं. त्याला लाज वाटली आणि आईच्या राहिलेल्या गोळ्यांची भीतीही वाटली. आपण एवढा पोशाख चढवला, पण पलीकडच्या खोलीत जाऊन आईला एका शब्दाने विचारलं नाही, हे त्याच्या मनाला फार लागलं. मफलरमुळे ते कोणाला दिसलं नाही.

तेवढ्यात मालक हसतमुखाने फाटकाशी आले. बाईंनी हस्तांदोलनाऐवजी बाटलीच त्यांच्या हातात ठेवली. "ही लहान मुलांना उघडते आणि मोठ्यांना उघडत नाही. मला नेमकं उलटं हवं होतं. या दोघांना उघडेल अशी बाटली करा, तेव्हा मी ऑर्डर देईन."

ऑर्डर गेली म्हणता म्हणता अर्धी परत आलेली पाहून मालकांच्या जिवात जीव आला. "या दोघांना म्हणजे काय, हे आता आमचेच. आजपासून दोघांची नेमणूक. आणि त्या डिझायनरला आत्ता, तुमच्यासमोर काढतो." त्यांनी खिशातून फोन काढून लावला.

डिझायनरच्या छातीत घंटी वाजू लागली.

"उचलत नाही बघा," मालक फोन कानाला लावून म्हणाले. "एवढा महत्त्वाचा दिवस आणि साहेबांचा पत्ता नाही. आजोबा, तुमचा फोन वाजतोय, घ्या ना."

डिझायनरने छातीवर दोन्ही मोजे आपटले. घंटी वाजतच राहिली. मालकांनी कंटाळून फोन बंद केला, तशी छातीही गप्प झाली. "राहू दे. काढला म्हणजे काढला."

आता मात्र डिझायनर उभा राहिला. वजनांसकट उभं राहायला वेळ लागला, पण राहिला. "साहेब, तो डिझायनर मीच आहे. बाटली मीच बनवली. आणि फार वाईट बनवली."

मालकांनी बाईंकडे बघून समजुतीने मान हलवली.

"खरं सांगतोय तो," आई म्हणाली. "माझा मुलगा आहे."

मालकांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा आईकडे बघितलं. मग ते आईच्या कानाशी वाकले आणि हळू आवाजात, अगदी आपुलकीने म्हणाले, "आजी, यांना औषधं वेळेवर देता ना?"

"बाटली उघडली तर देते," आई म्हणाली.