एसटीच्या पाट्याचा चाकू

चाकूचं पातं आपली आधीची नोकरी विसरत नाही, त्यामुळे आमच्याकडे खिशातला चाकू घेताना आधी पोलादाची चौकशी करावी लागते. पैसेवाले कोऱ्या पोलादाचा चाकू घेतात. त्याला पूर्वायुष्य नसतं. आम्ही भंगारातून घडवलेला घेतो आणि पुढचं निस्तरतो.

श्रावणातली गोष्ट. रस्ता रुंद करायला आलेल्यांनी सकाळी माझ्या वडिलांनी लावलेला रायवळ आंबा आडवा केला. मी शेंड्याची एक हिरवी काडी तेवढी वाचवली. ती सुकायच्या आत दुसऱ्या रोपावर कलम बांधलं नाही, तर त्या आंब्याचा वंशच बुडाला. आणि माझा चाकू नेमका मोडलेला! काडी ओल्या फडक्यात गुंडाळून बायकोच्या, शैलाच्या, हातात दिली आणि बाजारात सुभद्राबाई लोहारणीकडे धावलो.

"स्वस्तात तीन पोलादं हायेत," भाता न थांबवता ती म्हणाली. "हे ब्यांकेच्या लॉकरचं. गंजत न्हाई, धार टिकते."

"मग द्या की."

"पण तुम्ही आन ब्यांकेचा सायेब, दोघं हजर असल्याबिगर उघडत न्हाई."

"आंब्याच्या काडीला साहेब कुठून आणू?"

"मग हे साखर कारखान्यातलं घ्या. लई धारदार. फकस्त हंगामात कापतं. आता दिवाळीनंतर या."

माझं डोकं फिरलं. "अहो बाई, माणसानं खिशात चाकू ठेवायचा की त्याचं वेळापत्रक?"

"माझ्यावर का डाफरता? मी लावलं व्हतं का त्यांना नोकरीला?" तिनं तिसरं पातं पुढे केलं. "मोडीत निघालेल्या एसटीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं. चिवट हाय, मोडायचं न्हाई. कुठल्याबी दगडावर धार लागते. गंजतं मातुर, तेलाचा हात फिरवत जा. डबल घंटी दिली की सुटतं."

तेच घेतलं. दुसरं काय घेणार?

घरी शैलानं देवघरातली घंटी आणून दोनदा वाजवली. पातं झोकात उघडलं. रोपाचा शेंडा उडवला, खाच घेतली, मग काडीला तिरका छेद देऊ लागलो. छेद अर्ध्यावर आला आणि कुंपणापलीकडून आमचे शेजारी नामदेव घाग यांनी हात वर केला.

"काय चाललंय?"

चाकू थांबला. काडीतच रुतून थांबला. ओढून निघेना, ढकलून सरकेना.

"हात खाली घ्या!" मी ओरडलो. "तुम्ही हात दाखवलात म्हणून थांबलाय तो!"

शैलानं पुन्हा डबल घंटी दिली. ढिम्म. "प्रवाशाला घेतल्याशिवाय कसा सुटेल?" ती म्हणाली.

"कसला प्रवासी? आंबा माझ्या बापाचा! या माणसानं जन्मभर पलीकडे पडलेले आंबे मुकाट वेचले. कधी एक परत दिला नाही!"

"पडलेल्या आंब्यावर नाव असतं काय?" घाग शांतपणे म्हणाले. "मी हात केला, गाडी थांबली. जागा द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. मला घाई नाही."

घाई मला होती. मी रस्तेवाल्यांना, सुभद्राबाईला आणि घागांच्या सगळ्या घराण्याला शिव्या घातल्या. तोवर छेदाच्या कडा काळवंडू लागल्या.

"अहो, काडी मान टाकतेय," शैला म्हणाली.

"या," मी दात खाऊन म्हणालो. "एक फांदी तुमची."

घाग कुंपण ओलांडून आत आले. येताना पिशवी घेऊन आले. "कुठली?"

"अजून बोटभर काडी आहे! कुठली काय विचारता?"

"आधीच बोललेलं बरं असतं. मला कुंपणाकडची द्या. खिडकीची."

"दिली! वाजव गं!"

घंटी वाजली आणि पातं सरळ पार गेलं. छेद असा साफ आला की बघत राहावं, पण मी बघितलं नाही. काडी खाचेत बसवली आणि गच्च बांधली. घाग शेवटपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसून होते.

कलम जगलं. परवा त्याला पहिली पालवी फुटली आणि आज सकाळी बघतो तर कुंपणाकडच्या पानावर घागांचा रुमाल. शैला उचलायला निघाली, पण मीच तिला अडवलं. संताप माझा अजून गेलेला नाही. पण रुमाल टाकला म्हणजे जागा धरली, तिथे कुणाचं काय चालतं?